तिसरा रकाना

माझ्या तौलनिक साहित्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘स्विच’, उजवीकडे ‘डेक’. सरांनी वह्या तपासायला मागितल्या तेव्हा ते पान फाडावं की ठेवावं, या विचारात मी पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभी होते. शेवटी फाडलं नाही. सरांनी पानं उलटली, तक्त्यापाशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “तुलना बरी आहे. पण कशासाठी करतेयस ते कुठंच लिहिलं नाहीस.”

मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत, आणि ते वाक्य मात्र महिनाभर डोक्यात राहिलं.

तर गोष्ट हातात धरून खेळायच्या गेम यंत्राची आहे. हे वाचून काहीजण पुढच्या कवितेकडे जातील, हे मला ठाऊक आहे. एकवीस वर्षांची मुलगी, साहित्याची विद्यार्थिनी, आणि गेम? घरी आजीचंही हेच म्हणणं. “रात्री एवढं काय बघूलालीस गं त्या मोबाईलात?” मी बघत असायचे ते व्हिडिओ एकाच विषयाचे. एक माणूस दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवतो आणि वीस मिनिटं बोलतो. असे किती बघितले याचा हिशेब ठेवला नाही, ते बरंच झालं.

पैशांचा हिशेब मात्र पक्का होता. दोन वर्षं संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. त्यातून चौतीस हजार रुपये साठले. त्यातलेच काही जूनमध्ये एम. ए. साठी बाहेरगावी जाताना हॉस्टेलच्या डिपॉझिटला लागणार होते. मम्मीनं तसं बोलून दाखवलं नव्हतं. तिनं फक्त एकदा विचारलं, “सगळेच त्यात घालणार आहेस काय?”

तुलना करायची तर आधी परंपरा बघावी, ही आमच्या पेपरची शिकवण. म्हणून मागे गेले, आणि तिथंच रमले.

१९८० साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं ‘गेम अँड वॉच’ नावाचं खिशात मावणारं खेळणं काढलं. त्यात खेळ होता आणि घड्याळही होतं. ते ज्यांनी घडवलं ते गुनपेई योकोई. रेल्वेत कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला बघून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. योकोईंचा विचार साधा होता. नवीन, महागडं तंत्र घेऊन धावू नये. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना कळलेत, तेच घ्यावं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा.

याच विचारातून एप्रिल १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. हिरवट पडदा, रंग नाहीत, फक्त चार छटा. पडद्याला आतून उजेडसुद्धा नाही, खिडकीपाशी बसून खेळायचं. त्याच वर्षी अटारी कंपनीचं ‘लिंक्स’ आलं आणि पुढच्या वर्षी सेगाचं ‘गेम गिअर’. दोघांनाही रंगीत पडदा, आतून उजेड. कुणीही शेजारी ठेवून बघितलं असतं तर गेम बॉय बिचारा वाटला असता. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. पुढचा रंगीत गेम बॉय धरून त्याचे सुमारे ११ कोटी ८७ लाख नग खपले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबलं.

आपल्याकडच्या फेस्ताच्या जत्रेत मिळणारा ‘ब्रिक गेम’ आठवतोय? खोक्यावर ९९९९ खेळ लिहिलेले आणि आत सगळे विटा रचायचेच. तो याच घराण्यातला दूरचा गरीब नातेवाईक म्हणायचा.

हे वाचताना मला वाटलं, तक्त्यात रंग लिहिता येतो, पडद्याची लांबी लिहिता येते. पण लांबच्या प्रवासात चौथ्या तासाला काय होतं, ही ओळ कोण लिहिणार? ज्यानं ती लिहिली त्याचं यंत्र टिकलं.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझा जन्म २००४ चा. त्याच वर्षाच्या शेवटी निन्टेन्डोचं ‘डीएस’ आणि सोनीचं ‘पीएसपी’ काही आठवड्यांच्या अंतरानं बाजारात आले. म्हणजे ही दोघं माझ्याच वयाची. पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा, रुंद, सिनेमासारखा, आणि खेळ छोट्या चकतीवर. डीएसला दोन लहान पडदे, एक वर, एक खाली, खालचा पेनानं टोचायचा. डबीसारखं मिटायचं.

माझ्या मावसभावाकडे पीएसपी होतं. आमच्या गल्लीत तेवढं एकच. तो ते आमच्या हातात द्यायचा नाही, मागं उभं राहून बघू द्यायचा. डॅडी तेव्हा कुवेतला होते, एसी दुरुस्तीच्या कामावर. २०१२ च्या नाताळला येणार होते. मी फोनवर स्पेलिंगसकट सांगितलं होतं, पी, एस, पी.

डॅडींनी आणलं डीएस लाइट. पांढरं, कुणीतरी वापरलेलं. त्याच्याबरोबर एक चिप. मला वाटलं, निदान गाड्यांची शर्यत तरी असेल. चालू केलं तर त्यात शंभर इंग्रजी पुस्तकं निघाली. शेक्सपिअर, डिकन्स, जेन ऑस्टिन. सगळी नुसती अक्षरं. मी आठ वर्षांची होते. आजी, मावशी, मावसभाऊ, शेजारचे काका, सगळे बसलेले असताना मी म्हणाले, “हे चुकीचं आणलंत.” आणि रडत आत गेले. डॅडी काही बोलले नाहीत. बॅगेतनं बाकीच्यांच्या वस्तू काढत राहिले.

त्या डीएसवर मी नंतर पुष्कळ खेळले. ते जिन्यावरनं दोनदा पडलं आणि मिटलेलं होतं म्हणून वाचलं. नववीच्या पावसाळ्यात चार दिवस लाईट येत-जात होती, घरातलं सगळं वाचून संपलं होतं, तेव्हा ती चिप परत घातली. यंत्र आडवं करून पुस्तकासारखं उघडायचं, पेनानं पान उलटायचं. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ अर्धं वाचलं. त्यामुळं मी साहित्याकडे वळले, असं मी म्हणणार नाही. वळले ते आमच्या बाईंमुळं. पण डिकन्स मी पहिल्यांदा वाचला तो त्या इवल्या पडद्यावर, एवढं खरं.

डीएस पुढं जगभरात १५ कोटींवर खपलं, पीएसपी साडेसात कोटींहून अधिक. म्हणजे डॅडींनी ‘चुकीचं’ आणलेलंच पुढं होतं. पण हे आकडे मला कळले ते आत्ता, तक्ता करताना.

आता तक्त्याकडे येते. दोन नावं उरली होती. एक निन्टेन्डोचं ‘स्विच’, २०१७ चं. त्यातलं २०२१ मध्ये आलेलं ओलेड पडद्याचं मॉडेल. दुसरं वॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम डेक’, २०२२ चं. दोघांचाही पडदा सात इंचांचा. दोन्ही आपल्याकडे कंपनी स्वतः अधिकृतपणे विकत नाही. दुबईहून, सिंगापूरहून कुणीतरी आणतं आणि आपल्या गावातल्या दुकानाच्या काचेमागं ती दिसतात. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा चेहरा.

डेक म्हणजे खरं तर छोटा कॉम्प्युटरच. कॉम्प्युटरवरचे बहुतेक खेळ त्यात चालतात. की-बोर्ड जोडला तर त्यावर असाइनमेंटही टाईप करता येते, हे मी मम्मीला मुद्दाम सांगितलं. खेळ स्टीमच्या दुकानातनं घ्यायचे, तिथं किंमत रुपयांत असते आणि सेलमध्ये शंभर-दोनशेतही चांगला खेळ मिळून जातो. स्विचचं उलट. त्याच्या ऑनलाइन दुकानात भारताचं पानच नाही, खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं. मोठे खेळ साठ डॉलरच्या आसपास आणि सवलत क्वचित. पण स्विचला चिप असते. चिप मैत्रिणीला देता येते, तिची आणता येते, कंटाळा आला की विकता येते. स्टीमवर घेतलेला खेळ असा विकता येत नाही. एका बाजूला स्वस्त पण कायमचं, दुसऱ्या बाजूला महाग पण लायब्ररीसारखं फिरतं. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातलं काय निवडावं हे सांगायला नको, पण पैसे मोजताना आपण सगळेच वेगळा विचार करतो.

या सगळ्यात एक गंमत. ‘राजी’ नावाचा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, दुर्गा, विष्णू, हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण. तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवर. पुण्यात घडलेला खेळ पहिल्यांदा खेळायचा तर इथं अधिकृत न मिळणारं यंत्र हवं!

बॅटरी: स्विच साडेचार ते नऊ तास, डेक दोन ते आठ. वजन: स्विच दोन्ही बाजूंच्या जॉय-कॉनसकट ४२० ग्रॅम, डेक ६६९ ग्रॅम. आकडा वाचून काही कळलं नाही. मग घरात आलेला अर्धा किलो कुंद्याचा डबा दोन्ही हातांत धरून, कोपर टेकवून, उताणी पडून बघितलं. दहाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागलं. आणि डेक त्या डब्याहून जड. भाऊ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “ताई, रोझरी सोडून कुंदा काय धरलीयस?”

हा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आता नववीत. त्याला डेक हवं होतं. शाळेतल्या पोरांत ज्या खेळांची चर्चा ते सगळे कॉम्प्युटरवरचे, आणि घरचा लॅपटॉप उघडायलाच पाच मिनिटं घेतो. त्याच्या दृष्टीनं स्विच म्हणजे लहान मुलांचं. गेल्या वर्षभरात आमचं बोलणं तसं कमी झालंय. तो त्याच्या मोबाईलवर, मी माझ्या. जेवताना मीठ मागण्यापुरतं. पण या तक्त्यावरनं आम्ही आठवडाभर भांडलो, आणि मला ते भांडण आवडत होतं हे मी त्याला कळू दिलं नाही.

दुकानात चौकशी केली. वापरलेलं स्विच ओलेड, दोन चिपांसकट, तेवीस हजार. वापरलेलं डेक साडेतेहतीस. म्हणजे माझे चौतीस हजार आणि पाचशे रुपये परत. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ताकद बघणार असाल तर डेकच. खरं घरात कोण कोण खेळणार हाय?” हा दुसरा माणूस तेच विचारत होता जे सरांनी विचारलं होतं.

त्या रात्री डॅडी गॅलरीत मिक्सरचं भांडं खोलून बसले होते. २०२० मध्ये ते कायमचे परत आले, आता इथंच दुरुस्तीची कामं करतात. मी शेजारी बसले, टॉर्च धरला. आणि तेरा वर्षांनी विचारलं, “डॅडी, तेव्हा पीएसपी का नाही आणलंत?”

त्यांना आठवायला वेळ लागेल असं वाटलं होतं. लागला नाही.

“तीन शुक्रवार गेलो त्या दुकानात,” ते म्हणाले. तिकडं सुट्टी शुक्रवारी. “पहिल्यांदा तेच मागितलं, तू सांगितलेलं. चांगलं होतं, खरं त्यात चकती फिरते, मोटर असते. आणि काच उघडी. तू तेव्हा जिन्यावरनं उड्या टाकायचीस. एकदा पडलं की संपलं, आणि मी काय दुरुस्त करायला इथं होतो? दुसरं मिटत होतं. मिटलं की काच आत. बिजागरी दहावेळा उघडून बघितली मी.”

“आणि ती पुस्तकं?”

“दुकानदार म्हणाला, खेळ एकच येतो, ह्यात शंभर पुस्तकं येतात. पैसे तेवढेच. मी म्हटलं, मग शंभरच दे की.”

ते हसले. मी हसले नाही. तीन शुक्रवार. आठवड्यातली एकच सुट्टी, आणि तिच्यात एक माणूस काचेसमोर उभा राहून दोन यंत्रांची तुलना करतोय. तक्ता नाही, व्हिडिओ नाहीत. त्याच्या डोक्यात एकच मुलगी आणि एक जिना. मी म्हणाले, “मी तेव्हा सगळ्यांसमोर...” त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी दिला.

खोलीत येऊन वही उघडली आणि उजवीकडे अजून एक रेघ मारली. तिसरा रकाना. वर लिहिलं, ‘कोण?’ आणि बराच वेळ तो रिकामा राहिला, कारण खरं उत्तर मला आवडलं नाही. खरं उत्तर होतं, मी. हॉस्टेलची खोली, रात्र, हेडफोन. भावाशी आठवडाभर भांडले, पण यंत्र त्याच्यासाठी घरी ठेवायचं हे माझ्या मनातच नव्हतं. त्याला तसं वाटत होतं, आणि मी वाटू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला खरं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, “मला माहीत होतं. बॅगेत मावतंय काय तेसुद्धा तू मोजलीस.” मग जरा थांबून, “खरं मग घरी कधी आलीस तर?”

शनिवारी दोघं मिळून दुकानात गेलो. डॅडींना जे करता आलं नव्हतं ते मला करता येत होतं. ज्याच्या हातात यंत्र जाणार तो माझ्या शेजारी उभा होता. त्यानं आधी डेक धरलं, दहा मिनिटं सोडलं नाही. मग स्विच. दुकानदारानं त्याचे जॉय-कॉन दोन्ही बाजूंनी सरकवून काढले, एक त्याच्या हातात दिला, एक माझ्या, पडदा मागच्या स्टँडवर काउंटरवर उभा केला. गाड्यांची शर्यत. मी भिंतीवर आपटत राहिले. तो इतक्या मोठ्यानं हसला की बाजूच्या कव्हरं विकणाऱ्यानं वळून बघितलं.

डेकमध्ये ताकद जास्त, हे आजही माझ्या तक्त्यात लिहिलेलं आहे आणि ते बरोबर आहे. त्याचा त्यावरचा हट्टही पूर्ण गेलेला नाही, अधूनमधून टोमणा मारतो. जॉय-कॉनची स्टिक काही दिवसांनी आपोआप सरकायला लागते अशी तक्रार जगभर आहे, तीही त्यानं मला वाचून दाखवली. पण एकाच यंत्रातनं दोघांना पुरतील अशी दोन हँडल निघतात, ही ओळ माझ्या दोन रकान्यांत कुठंच नव्हती. तिसरा नसता तर सुचलीही नसती.

तेवीस हजार मोजले. अकरा हजार डिपॉझिटला राहिले. परत येताना बसमध्ये करार झाला, तोही त्यानंच सांगितला. जून ते नोव्हेंबर यंत्र घरी, त्याच्याकडे. डिसेंबरपासून त्याची एस. एस. एल. सी. ची परीक्षा संपेपर्यंत माझ्याकडे, हॉस्टेलवर. मी सुट्टीत आले की रोज रात्री जेवल्यावर एक तास दोघांचा, मोबाईल बाजूला. हे मम्मीला सांगितल्यावर तिला डिसेंबरचं कलम फार आवडलं.

घरी आल्यावर डॅडींनी यंत्र हातात घेतलं. चालू केलं नाही. उलटं केलं, मागचा रुंद स्टँड उघडला, मिटला, परत उघडला. कोनात थांबतोय का ते अंगठ्यानं दाबून बघितलं.

“बिजागरी बरी आहे,” म्हणाले. मग विचारलं, “ह्यात ती शंभर पुस्तकं बसतात काय?”

“नाही डॅडी. ती चिप ह्यात जात नाही. आकारच वेगळा.”

“मग ते जुनं कपाटातनं काढून टाकू नका,” ते म्हणाले, आणि मिक्सरकडे वळले.